समोरची खाट

ती गादी गुंडाळू नकोस. राहू दे तशीच. बस, आधी चहा घे. नवीन आहेस म्हणून सांगते.

वॉर्डाच्या टोकाला दोन खाटांची खोली आहे ना, तिथे एक कॉलेजातली पोरगी होती. दुसरी खाट रिकामी. पोरीच्या आजारावरचे उपाय संपले होते. तिचा दादा बोटीवर नोकरीला, दूर समुद्रात. मी दुपारी चादरी बदलायला जायची. माझ्या हातची चादर म्हणजे सुरकुती शोधून दाखवावी कोणी. तरी त्या रिकाम्या खाटेच्या कडेला रोज खळगा, कोणी टेकून बसल्यासारखा. आणि बंद कपाटात राहिलेल्या ओल्या कपड्यांसारखा वास.

"सिस्टर, त्यांना सांगा ना, खोली चुकलीय," पोरगी म्हणाली. "मी तर आता घरी जाणार."

"कोणाला सांगू गं?"

तिने समोरच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं.

पुढे ती चिडायला लागली. आईवर, डॉक्टरांवर, माझ्यावर. एकदा समोर पेला भिरकावला. "मीच का? जा की दुसरीकडे!" पेला गादीपर्यंत पोचलाच नाही. मध्येच कशाला तरी अडून खाली पडला.

मग आवाज उतरला. दुपारभर कुजबुज. विचारलं तर म्हणाली, "दादा येईपर्यंत थांबा म्हटलं. हो म्हणालेत."

माझं डोकंच फिरलं. भासाला बसायला जागाच कशाला ठेवायची? मी गादी गुंडाळली आणि गच्चीवर उन्हात टाकून आले. परतले तर पोरगी भिंतीला चिकटलेली, पांढरीफटक.

"सिस्टर... आता ते बसणार कुठे?"

तिच्या पायाशी चादर हळूहळू दबत होती...

मी कशी धावले आणि कशी ती गादी आणून घातली, विचारू नकोस. पोरीच्या पायाशी चादर सपाट झाली. समोर खळगा पडला.

त्यानंतर ती गप्पच झाली. तोंड भिंतीकडे, ताट तसंच. मी वेणी घालायची, ती निमूट घालून घ्यायची. फार जीव तुटायचा गं माझा.

दादा आला तो थेट बंदरावरून, पाठीवर पिशवी तशीच. दारात क्षणभर थबकला. मग म्हणाला, "काय गं माकडा, सगळी खाट अडवलीस?" ती हसली. लहानपणीच्या सायकलवरून दोघं संध्याकाळभर भांडली. शेवटी तो तिचा हात धरून खुर्चीतच पेंगला.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "ती गादी उचला आता."

"अगं, पण..."

"खूप थांबले ते माझ्यासाठी. मी सरकते जरा." आणि ती दादाच्या बाजूला सरकली.

मी गादी उचलली. सकाळी ती गेली तेव्हाही तिचा हात दादाच्या हातात होता.

आता आपल्या या ड्यूटी रूममध्ये बघ. माझ्या समोरच्या खाटेवर मी काल चादर ताणून घातलीय. तिथे कोणी झोपलेलं नाही. कडेला बघ... दिसलं?

मला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे मी. कोणी तरी खोली चुकलं असेल.

तरी गादी राहू दे. माझी लेक रविवारी येतेय.