वाळूखालचा ओढा

त्याची-माझी पहिली भेट झाली तेव्हा मी ओढ्याच्या मधोमध उभी होते, आणि ओढा कुठे आहे असं त्यालाच विचारत होते.

"आधी बूट काढा," तो म्हणाला. "बुटांनी वाळू दबते, झरे बुजतात. आत्याने बघितलं तर तुमच्याबरोबर माझीही खैर नाही."

आत्या म्हणजे साधी असामी नव्हती. वस्तीतल्या आदिवासी बायका खाणीच्या रस्त्यावर तीन महिने ठाण मांडून बसल्या होत्या, त्यांची ती पुढारी. खाणीला परवानगी मिळाली, कारण सरकारी नकाशात इथे ओढाच नव्हता. मी नकाशा कचेरीतली. बायकांच्या तक्रारीवर सुनावणी होती, तिच्याआधी आठ दिवस जागा बघायला मला पाठवलं होतं.

आत्याने मला वही उघडूच दिली नाही. "लिहिलंस की विसरशील, पोरी. बघ." मग तिचा भाचा, म्हणजे हाच, मला वाळूत कोपरभर खड्डा करायला शिकवायचा आणि पाणी झिरपेपर्यंत आम्ही काठावर बसून राहायचो. पाणी अगदी सावकाश यायचं... आणि खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती.

"बोटं अशी तिरकी धरा," असं म्हणत तो माझं मनगट वळवायचा आणि चटकन हात मागे घ्यायचा.

"सगळ्या पाहुण्यांना असंच हात धरून शिकवता?"

"नाही... बाकीच्यांना लवकर जमतं."

पाचव्या दिवशी आत्याने नकाशाची प्रत उलगडली. कोपऱ्यात सही माझीच होती; असे शेकडो नकाशे केले होते, हा मला आठवतही नव्हता. चार वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात विमानातून घेतलेल्या फोटोंवरून केलेलं काम. फोटोत पाणी दिसलं नाही, मी रेघ काढली नाही.

"हा... मी काढलाय," मी म्हणाले. तो उठून गेला.

सहाव्या दिवशी तो आला नाही, सातव्याही नाही. मी माझी मीच खड्डे करत राहिले, डोळे पुसत. शेजारी बसलेली आत्या एवढंच म्हणाली, "त्याच्या रागाचं मी बघते. तू ओढ्याचं बघ."

सुनावणीत काय बोलायचं ते साहेबांनी मला लिहून दिलं होतं: नकाशा बरोबर आहे. मी तो कागद घडी करून ठेवला. "ओढा आहे. उन्हाळ्यात वाळूखालून वाहतो, मी हाताने बघितलाय. न बघता नकाशा काढला ही चूक माझी." खाणीचं काम थांबलं, नव्या पाहणीचा हुकूम निघाला. साहेब माझ्याकडे न बघता गाडीत बसले. नोकरीचं काय होणार ते मला कळून चुकलं.

बाहेर पायऱ्यांवर आत्या आणि वस्तीतल्या बायका जमल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे तो उभा होता.

"गेला राग?" मी विचारलं.

"तो नुसता राग नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "आठ दिवसांनी तुम्ही जाणार होता... रुसायला निमित्त बरं मिळालं."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "मला तू आवडतोस," मी सरळ सांगून टाकलं. "आणि नवा नकाशा मीच करणार. कचेरीने नाही ठेवलं तर तुमच्या वस्तीसाठी. तिन्ही ऋतू बघून, शिकून. किती दिवस लागतील?"

त्याने बोटांवर हिशेब केला, निदान तसं दाखवलं तरी.

"तू काही लवकर सुटत नाहीस," तो म्हणाला, आणि आत्यासकट सगळ्या बायकांदेखत त्याने माझा हात हातात घेतला.