कप्तानाचा पट्टा डावीकडे

ती जिना चढत होती आणि वरून एक अंतराळवीर उतरत होता.

स्टुडिओतला तिचा तो पहिलाच दिवस. खांद्याला पिशवी, हातात फाइल आणि छातीत धडधड. अंतराळवीराचंही काही फारसं बरं चाललं नव्हतं. अंगात चंदेरी पोशाख, डोक्यावर घागरीएवढं हेल्मेट, आणि ते तो दोन्ही हातांनी असं ओढत होता की मान उपटूनच हातात यावी.

"अडकलंय का?" तिने विचारलं.

आतून नुसतंच "हंहंहं" ऐकू आलं.

"डावीकडे बघा ना. कप्तानाचा पट्टा नेहमी डावीकडे असतो."

तिने फाइल पायरीवर ठेवली, त्याच्या हनुवटीखाली चाचपून खटका शोधला आणि दाबला. हेल्मेट निघालं. आत घामाने डबडबलेला, केस विस्कटलेला आणि भलताच खूश झालेला एक चेहरा होता.

"वाचवलंत! पण तुम्हाला कसं ठाऊक?"

"बाबांमुळे."

"ते अंतराळात असतात?"

"आरामखुर्चीत असतात. पण कप्तानाचा विषय काढायची सोय नाही. एकदा सुरू झाले की थांबत नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी थांबते की," असं म्हणून ती जी वर पळाली, ती फाइल पायरीवरच विसरून. ती आणून द्यायला अर्थातच अंतराळवीर आला.

कप्तान म्हणजे तोच, एके काळी रोज सकाळी वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर चार चौकटींच्या चित्रकथेत भेटणारा. बाबांचं सगळं लहानपण त्या चौकटींत गेलेलं. पुढे कप्तान दोनदा टीव्हीवर आला आणि दोन्ही वेळा बाबांनी डोक्याला हात लावला. पहिल्या मालिकेत यान पुठ्ठ्याचं होतं आणि उडताना वरचा दोरा दिसायचा. दुसरी रंगीत होती, तर तिच्यात कप्तानाला मिशा फुटल्या, आणि हेल्मेटचा पट्टा एका दृश्यात डावीकडे तर पुढच्या दृश्यात उजवीकडे! "मिशा एक वेळ सोसल्या असत्या," बाबा अजून हळहळत, "पण पट्टा?"

आता तिसरी मालिका होत होती आणि तिला तिथे कंटिन्युइटीचं काम मिळालं होतं. एका शॉटमध्ये जे जसं आहे ते पुढच्या शॉटमध्येही तसंच आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. तिने बाबांना शब्द दिला होता, "या वेळी तुमचा कप्तान बिघडू देणार नाही."

"बघू," बाबा म्हणाले होते. बाबांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे फारच झालं.

आठवडाभरात युनिटने तिचं नाव 'भिंग' ठेवलं. जिन्यावरचा अंतराळवीर होता डुप्लिकेट. मालिकेचा देखणा हिरो हेल्मेट काढून संवाद म्हणायचा. हेल्मेट घालून धावायचं, पडायचं, चिखलात लोळायचं ते सगळं याने. पडद्यावर चेहरा कधीच दिसायचा नाही. अंगाने चपळ, उंचावरून मांजरासारखा उडी मारायचा. पण साध्या गोष्टींत वेंधळा! कधी हातमोजे उलटे, कधी छातीवरचा बिल्ला तिरका, आणि पट्टा तर हमखास उजवीकडे.

"कट! भिंग, बघ गं जरा," दिग्दर्शक ओरडायचे. मग ती तरातरा जायची आणि पट्टा सोडून डावीकडे बांधायची.

"पुन्हा उजवीकडे?" ती दबक्या आवाजात विचारायची.

"माझं डावं-उजवं जरा कच्चं आहे," हेल्मेटमधून उत्तर यायचं.

"जेवताना बरं पक्कं असतं!"

"जेवताना बघता तुम्ही माझ्याकडे?"

"मी सगळ्यांकडेच बघते. कामच आहे माझं."

"हो, हो... कामच आहे."

खटका बसायला हवा त्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागायचा. ती परत जागेवर यायची तेव्हा कान तापलेले असायचे. दिवे फार प्रखर आहेत, असं ती स्वतःला सांगायची. शहाण्या मुलीही स्वतःला काय काय सांगतात!

एकदा ती तापाने घरी राहिली. परत आली तर ड्रेसवाल्या मावशी तोंडात टाचण्या धरून म्हणाल्या, "काल तू नव्हतीस, तर तुझा डुप्लिकेट सुतासारखा सरळ! एक म्हणून चूक नाही. मोजे नीट, बिल्ला नीट, पट्टा डावीकडे."

"माझा कसला?" ती म्हणाली. पण मनात कुठेतरी खटका पडला.

आणि नेमकं त्याच दिवशी पट्टा पुन्हा उजवीकडे आला. दिग्दर्शकांनी हातातले कागद आपटले. "बस्स झालं! याच्या पायी रोज खोळंबा. उद्यापासून दुसरा डुप्लिकेट आणा!"

पुठ्ठ्याच्या खडकामागे तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता, तिथे ती पोचली.

"मुद्दाम करता ना तुम्ही?"

तो हेल्मेटच्या काचेवरून बोट फिरवत राहिला.

"माझं काम म्हणजे चेष्टा वाटली? मी बाबांना शब्द दिलाय. आणि तुम्ही... तुम्ही..." पुढचं तिला सुचेना, इतका राग आला होता.

"चेष्टा नाही हो," तो हळूच म्हणाला. "या काचेला सोनेरी मुलामा आहे. आतून सगळं धूसर दिसतं... कॅमेरा, माणसं, दिवे, सगळं. फक्त हातभर अंतरावर आलेलं माणूस स्पष्ट दिसतं. म्हणून... पट्टा..." त्याने मान खाली घातली. "चुकलंच माझं. मी सांगतो सरांना, जातो मी."

राग कुठल्या कुठे पळाला, पण तो पळाल्याचं तिने दाखवलं नाही. ती सरळ दिग्दर्शकांकडे गेली. "सर, त्याला राहू द्या. आता नाही चुकणार. चुकला तर त्याच्याबरोबर मलाही काढा."

दिग्दर्शकांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "भिंगाची हमी? बरं. पण एक जरी चूक झाली, तरी दोघंही घरी."

त्यानंतर तो चुकला नाही. एकदाही नाही! आणि भिंगाचं बिनसलं. शॉटमागून शॉट ओके होत होते, सगळे खूश होते, आणि तिला मात्र त्याच्याजवळ जायला तसूभरही कारण उरलं नव्हतं. दुरून तो काचेआडून बघत असेल तर त्याला ती धूसर दिसत असणार, हे आठवून तिला रडू यायचं. जेवायला ती समोर बसली की तोही मान खाली घालून जेवायचा. तिच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून बिचारा इतका जपत होता, की तिला त्याचा नव्याने राग येऊ लागला.

शेवटचा दिवस उजाडला. शेवटचा शॉट. परग्रहावर पाऊस पडतोय, कप्तान यानाकडे चालत जातो, वळतो, हात उंचावतो आणि निघून जातो. हा शॉट झाला की शूटिंग संपलं. संध्याकाळच्या गाडीने डुप्लिकेट दुसऱ्या गावी, कुठल्याशा सिनेमात पडायला-धडपडायला जाणार होता.

छतावरच्या नळ्यांतून पाऊस सुरू झाला. जांभळ्या उजेडात थेंब चमकत होते. तो चालत गेला, वळला, हात उंचावला... आणि तो निरोपाचा हात तिच्या मनाला चांगलाच लागला.

"कट! सुंदर!" दिग्दर्शक म्हणाले. "भिंग, ओके?"

सगळे तिच्याकडे बघत होते. पट्टा डावीकडे होता. मोजे सुलटे. बिल्ला सरळ. 'ओके' म्हटलं की संपलं.

"नाही," ती म्हणाली. "चूक आहे."

ती तशीच पावसात शिरली. केस भिजले, चपला चिखलात रुतल्या. हेल्मेटमधून घाबरलेला आवाज आला, "काय चुकलं? मी तीनतीनदा बघितलं होतं! आता ते तुम्हालाही..."

"काही चुकलेलं नाही."

"मग?"

"मग काय... मी जवळून दिसावी म्हणून आलेय." काहीतरी करायला हवं म्हणून तिने पट्टा सोडला. "दिसतेय का आता?"

हेल्मेट तिच्याकडे झुकलं.

"स्पष्ट," तो म्हणाला.

"मग आजची गाडी चुकव. डावं-उजवं कच्चं आहे ना तुझं? एखादी गाडीही चुकू दे. मला तू आवडतोस. आता सांगितलं, झालं."

"तू... 'तू' म्हणालीस मला."

"हो. पुन्हा नाही म्हणणार हं."

"म्हणशील," काचेआडून हसू ऐकू आलं. "गाडी तर चुकलीच म्हणून समज."

"अहो, पाणी संपेल टाकीतलं!" मागून कुणीतरी ओरडलं. तिने न बघताच पट्टा बांधला आणि पळत कॅमेऱ्यामागे आली. शॉट पुन्हा झाला. "ओके?" "ओके!" ती म्हणाली. त्या क्षणी समोर हत्ती उभा असता तरी तिने ओकेच म्हटलं असतं.

मालिका टीव्हीवर आली. बाबांनी भागामागून भाग श्वास रोखून बघितले. यानाला दोरा नव्हता. मिशा नव्हत्या. शेवटच्या भागाला तिने 'कामावरच्या एका मित्राला' घरी बोलावलं होतं. मित्र इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेला अवघडून बसला होता.

पडद्यावर पाऊस पडू लागला. कप्तान चालला, वळला, हात उंचावला.

"थांब!" बाबा खुर्चीतून उठलेच. "पट्टा! पट्टा उजवीकडे!"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. खरंच उजवीकडे होता. त्या दिवशी तिनेच बांधलेला, न बघता, स्वतःच्या हाताने.

"शेवटच्या शॉटला घात केला! कुणी बांधला हा पट्टा?"

"मी," ती म्हणाली. "चुकलं, बाबा. तुम्हाला शब्द दिला होता."

"तू?" बाबा चक्रावले. "तुझ्या हातून? लक्ष कुठे होतं तुझं?"

सोफ्यावरचा मित्र कपातल्या चहाकडे असा बघत होता, जणू तिथेच उत्तर तरंगत होतं. बाबांनी एकदा लेकीचे लाल कान बघितले, एकदा त्याचे. मग सावकाश खुर्चीत बसले.

"हात उंचावणारा तो... तूच का रे?" त्यांनी विचारलं.

"हो, काका."

बाबांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. यान केव्हाच निघून गेलं होतं.

"तिन्ही वेळा बिघडवलाच माझा कप्तान," ते म्हणाले. डोळे पुसायला म्हणून त्यांनी चष्मा काढला. "पण या वेळचा बिघडलेला मला आवडला. बसा, मी अजून चहा टाकतो. गार झाला असेल तो, बघून बघून."

बाबा आत गेले. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात होती. आल्यापासून तशीच होती, आणि ती आल्यापासून स्वतःला आवरत होती.

"मुद्दाम ना?"

"तुला काय वाटतं?"

ती सरकून हातभर अंतरावर आली आणि गुंडी सोडू लागली.