खालून झिजलेला वेत

कापडे गावी दिवाणांचे घर जपून ठेवले आहे. भिंतींवर तैलचित्रे, कपाटांत चार हजार ग्रंथ, मागे बकुळीची बाग. ग्रंथालयातील दिवाणांच्या वेताच्या खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून तिच्या दोन्ही हातांना आडवी दोरी बांधलेली असते. तरीही तिची बैठक दरवर्षी फाटते.

यंदाच्या चैत्रात विश्वस्तांचा संयम सुटला. राखणदार हरीच तिथे दुपारची झोप काढतो, असे ठरवून त्यांनी त्याला कामावरून काढण्याचे पत्र नव्या व्यवस्थापिकेकडे, अनुपमाकडे, सहीसाठी सोपवले. हरीचे बिऱ्हाड बागेतल्याच खोलीत. सही झाली की तेही उठणार.

"बावीस वर्सं झाली, बाई. मी कदी टेकलो पन नाय," हरी म्हणाला.

महाडहून आलेला वेतकाम करणारा सहदेव हसला. "अरे, तू बसलास तरी काय तुटायचं? तुज्यापेक्षा माजी कोंबडी जड हाय!"

मग त्याने खुर्ची उलटी केली, आणि त्याचे हसू मावळले. वेताच्या पट्ट्या वरून कोऱ्या होत्या. झिजल्या होत्या त्या खालून. बोटे फिरून फिरून जपमाळेचे मणी गुळगुळीत व्हावेत, तशा.

"हे काम आदी माजा बाप करायचा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "जुना वेत मला कदी बगू दिला नाय त्यानं. काडला की थेट चुलीत..."

चौथ्या दिवशी, नवी वीण वाळल्यावर, भर दुपारी अनुपमा पुन्हा आली. खालून झिजल्याची कथा विश्वस्तांच्या गळी उतरणार नव्हती. मात्र आपण स्वतः बसून पाहिले, हरीच्या वजनाने हा वेत तुटणे अशक्य, असे लिहिता आले असते. तिने दोरी सोडली.

"नको, बाई." हरीचा चेहरा उतरला. "सही करा. नोकरी जाऊ दे... पन बसू नका."

ती बसली. वेत करकरला, स्थिरावला; तिच्या टाचा फरशीवर नीट टेकल्या. मांडीवर पत्र ठेवून तिने त्यावर आडवी रेघ ओढली आणि लिहिले : हरी निर्दोष आहे.

बकुळीचा वास एकाएकी दाट झाला. बैठकीखाली काहीतरी हलले. एकाशेजारी एक, पाच ठिकाणी, वीण चाचपल्यासारखे.

"हरीभाऊ... खाली कोण आहे?"

हरी गुडघ्यांवर वाकला. खुर्चीखाली नजर फिरवली.

"कोन नाय, बाई... नुसती फरशी हाय."

उठण्यासाठी तिने टाचा खाली रेटल्या. त्या फरशीला पोचत नव्हत्या.