मॉर्निंग शोचा टुकडा

रविवारी सकाळी देवश्री मेश्राम सदर बाजारात गेली ती फक्त एक ब्लाउज आणायला. फुग्याच्या बाह्यांचा, मोरपंखी सॅटिनचा, मागे नाडी असलेला तसला ब्लाउज आता कोणी शिवत नाही. शिंप्याला जुन्या पोस्टरचा फोटो दाखवावा लागला होता. कागदात गुंडाळून देताना त्याने विचारलं, "नाटक है क्या, दीदी?"

"नाटक ही समझो, भैया," ती म्हणाली आणि स्कूटी गुढियारीकडे वळवली.

गुढियारीतली मीनाक्षी टॉकीज कित्येक वर्षं बंद होती. रायपूर राजधानी झालं, मॉल उभे राहिले, आणि मीनाक्षीच्या दाराशी भाजीचे ठेले लागू लागले. आता ती पाडून तिथे गोदाम होणार होतं. त्याआधी अश्विन गजभियेला तिच्यात आपला सिनेमा उरकायचा होता. अश्विन देवश्रीच्याच वस्तीतला, लहानपणापासून तिला ताई म्हणणारा. मुंबईत काही वर्षं दिग्दर्शकांच्या हाताखाली राबून परत आलेला. त्याच्या सिनेमाचं नाव होतं 'भीगी चौखट'. मीनाक्षीत सकाळच्या खेळाला लागायचे तसले सिनेमे त्याला पुन्हा उभे करायचे होते. तोच लाल उजेड, तोच गरगरणारा पंखा, तीच एकटी नवी नवरी, अंगाशी चिकटलेली तीच साडी. फरक एवढाच, की या वेळी गोष्ट नवरीने सांगायची होती, तिला बघणाऱ्यांनी नाही.

देवश्री नव्या रायपुरात सरकारी कचेरीत नोकरीला होती. वस्तीत जयंतीला होणाऱ्या नाटकांत दरवर्षी काम करायची. अश्विनला तिने एकच अट घातली होती. कॅमेरा चेहऱ्यावर आणि हातांवर. बाकी काही नाही.

"ताई, माझ्या मायची शपथ," अश्विन म्हणाला होता.

लोक काय म्हणतील याची तिला फारशी पर्वा नव्हती. आई काय म्हणेल याची होती. अंजनाबाईंनी नवऱ्यामागे तिला एकटीने वाढवलं होतं, आणि तेही या टॉकीजच्या मागच्याच गल्लीत. सकाळच्या खेळाच्या वेळी त्या मुलीचं बोट धरून मालधक्क्याच्या बाजूने लांबचा वळसा घेत शाळेत न्यायच्या. पोस्टरवरच्या बायांच्या अंगावर डांबराचा पट्टा फासलेला असायचा. तो पट्टाच देवश्रीला जास्त आठवायचा.

टॉकीजमध्ये शिरलं की वटवाघळांचा आणि कुजलेल्या रेग्झिनचा वास नाकात भरायचा. त्या दिवशी शेवटचा शॉट होता. नवरी मोरपंखी ब्लाउजात न्हाणीघराच्या दाराशी येते, वळून एकदा बघते आणि दार लावून घेते. शॉट झाल्यावर सगळे चहाला बसले. तेव्हा टॉकीजचे जुने ऑपरेटर भैय्यालाल बिस्किटाचा एक गंजका डबा घेऊन वरच्या खोलीतून उतरले.

"घे, अश्विन. तू मांगत होता ना... टुकडा."

डब्यात फिल्मची एक लहानशी गुंडाळी होती. भैय्यालाल मिशीतल्या मिशीत हसले. "सिनेमात काहीच नसे, बाई. सेन्सॉरनं धुतलेला राहे. मग आमी इंटरवलनंतर हा जोडत जाओ. हिरॉइन न्हाणीत गेली, दार लागलं, की कट, आन् हा टुकडा. तोंड हिचं, पाठ तिची. पब्लिकले कुठं समजते?"

"ही कोण आहे पण?" देवश्रीने विचारलं.

"काय मालूम. हिचं तोंड कोणीच नाही पाह्यलं. जी हिरॉइन लागे, तिचंच तोंड हिचं." मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पण एक होतं. शो सुटला की टुकडा काढाचा. रात्री रिळात राहू नाही द्याचा."

"पोलिसांमुळे," अश्विन म्हणाला.

"हव, पोलिसामुळं बी." भैय्यालालनी कपातला चहा उगाच फिरवला. "माझ्या उस्तादाकून एक डाव राहून गेला. दुसऱ्या दिवशी शो लावला, तं दाराशी येणारी हिरॉइन... तिचं तोंड अलगच होतं. पब्लिकले नाही समजलं. मले समजलं."

"काका, दारू कोणती घेत होते तवा?" अश्विन हसला. सगळे हसले. भैय्यालालही हसले, पण डबा देऊन झाल्यावर त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले.

अश्विनला तो टुकडा सिनेमात घालायचा होता. त्याचं म्हणणं असं, की या बाईला कोणी नाव दिलं नाही, श्रेय दिलं नाही, तेव्हा आपण तिला दाखवू आणि शेवटी लिहू, की ही अनामिक स्त्री होती, हिला आमचा सलाम. देवश्रीला ते पटलं. शिवाय पाठ देवश्रीची नव्हती, आणि तसं पडद्यावर लिहिलं जाणार होतं. ती हो म्हणाली.

शंकर नगरच्या एका स्टुडिओत सोनियाने टुकडा कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. सोनिया सिनेमाचं संकलन करत होती. मराठी सगळं समजायचं तिला, बोलायची मात्र हिंदीच. देवश्रीने ते दृश्य पहिल्यांदा तिच्या शेजारी बसून पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा दाराशी आला, वळला, दार लागलं. मग ओरखड्यांनी भरलेली पिवळट चौकट. पाटावर पाठमोरी बसलेली एक बाई, शेजारी पितळी बादली. ती लोट्याने खांद्यावर पाणी घेत होती. आवाज नव्हता. पाणी पडायचं आणि काहीच ऐकू यायचं नाही. जुनेपणामुळे पाठीवर नुसते डागच डाग दिसत होते.

"बेचारी," सोनिया म्हणाली. "ठंड लग रही होगी।"

भैय्यालालनी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. राहिलं असतं तरी उपयोग नव्हता. कात्रीने कापून डब्यात टाकायला ते आता रीळ नव्हतंच. टुकडा सोनियाच्या कॉम्प्युटरवर होता, अश्विनच्या हार्ड डिस्कवर होता, आणखी कुठेकुठे होता. तो सिनेमात जोडलेलाच राहिला. सगळा पावसाळा.

दसऱ्याच्या सुमाराला सोनियाचा फोन आला. भर दुपारी, देवश्री कचेरीत असताना.

"दीदी, आप आ सकती हैं? वो टुकड़ा... लंबा हो गया है।"

"लंबा म्हणजे?"

"आप आइए बस।"

ती गेली. खिडकीवर काळा पडदा ओढलेला होता. एसी बंद असूनही खोलीत गारठा होता, आणि ओल्या फरशीचा, बंद न्हाणीघराचा वास येत होता. सोनियाने दृश्य लावलं. बाईने लोटा खाली ठेवला. आधी ती लोटा खाली ठेवत नव्हती, देवश्रीला पक्कं आठवत होतं. मग ती नुसती बसून राहिली, कोणीतरी हाक मारेल म्हणून थांबल्यासारखी. तिची मान किंचित उजवीकडे कलली होती. ओल्या केसांमधून कानाची पाळी दिसत होती.

"मैंने कुछ नहीं किया, दीदी," सोनिया हळूच म्हणाली. "रोज़ थोड़ा... रोज़ थोड़ा घूमती है।"

देवश्रीने लगेच अश्विनला बोलावून घेतलं. "काढ हे. आत्ताच, माझ्यासमोर."

"ताई, जुन्या फिल्मचं स्कॅनिंग हाय, त्यात काही..."

"अश्विन, ती वळली आन् तिच्या धडावर माझं तोंड दिसलं, तर माझ्या आईले तू समजावशील का?"

अश्विनने स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि परत पाहायचं टाळलं. तिच्यादेखत सोनियाने टुकडा सगळीकडून काढून टाकला. शेवटी भैय्यालालचा डबाही आणला. बाहेर अंगणात अश्विनने गुंडाळी पेटवली. ती जळण्याऐवजी बराच वेळ धुपत, सुरसुरत राहिली. आतून पाणी सुटावं तशी.

मग पहिला खेळ ठरला. मीनाक्षी पडायच्या आधी, तिथेच, सकाळी साडेअकराला, आणि फक्त वस्तीतल्या बायांसाठी. त्या वेळेच्या खेळाला त्या दारातून आजवर एकही बाई आत गेली नव्हती, म्हणून.

"मी येईन," अंजनाबाई म्हणाल्या.

"आई, तुले नाही आवडणार. राहू दे."

"काहून? लोक सांगाच्या आंधी मी माह्या डोळ्यानं पाहीन. तू काही केलं नाही, तं भेतं काहून?"

"मी काही केलं नाही."

"मग झालं तं."

खेळाच्या सकाळी बाहेर लख्ख ऊन होतं. बाया नटून आल्या होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

"वनमालाबाई, तुमचे मालक याच खुर्चीवर बसत जायचे का वो?" कोणीतरी विचारलं.

"माह्या मालकाले पाठीमागं बसाची सवय होती," वनमालाबाई म्हणाल्या. "सापडले तं पळून जायले बरं." आणि आख्खी रांग हसली.

देवश्री आईच्या शेजारी, मधल्या वाटेलगत बसली. अंजनाबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. दारं लागली. बाहेरच्या उन्हाची एक रेघ तेवढी फटीतून आत येत राहिली आणि मग तीही दिसेनाशी झाली.

सिनेमा लागला. बाया नवरीसाठी हळहळल्या, सासऱ्याला शिव्या घातल्या, पंखा गरगरला तेव्हा एकीने 'आता पाह्य काय होते ते' म्हटलं. देवश्रीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. पडद्यावरचा मोठा चेहरा तिचाच होता, आणि आईचा हात उबदार होता.

मोरपंखी ब्लाउजातली नवरी न्हाणीघराच्या दाराशी आली. वळून बघितलं. दार लागलं.

यानंतर सकाळ व्हायची होती, अंगणातला शॉट होता. तो आला नाही.

पिवळट चौकट आली. ओरखडे. पाटावर बसलेली पाठ.

देवश्रीने मागे वळून अश्विनला शोधलं. मागे प्रोजेक्टरजवळ तो उभा होता, दोन्ही हात वर धरून, मी कशालाच हात लावलेला नाही असं दाखवत. सोनिया वायर उपसत होती. वायर निघाली. पडद्यावरची बाई पाणी घेत राहिली... आणि आता ते पाणी ऐकू येऊ लागलं. फरशीवर, संथ, जवळ. बायांचं हसणं थांबलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी तोंडावर पदर घेतला नाही. हॉलमध्ये ओल्या फरशीचा वास पसरला.

लोटा खाली ठेवला गेला.

पूर्वी डागांनी भरलेली पाठ आता स्वच्छ दिसत होती, कालच घेतलेल्या शॉटसारखी. देवश्री आईच्या कानाशी वाकली.

"आई... ती मी नाही. खरंच सांगते. जुना टुकडा आहे, मी जन्मायच्या आधीचा. ती मी नाही."

अंजनाबाई पडद्याकडे बघत होत्या. अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "डाव्या खांद्याखाली पाह्य. चुलीचं लाकूड लागलं होतं... माह्याच हातून. महिनाभर मी हळद लावत होती. मले माही पोरगी वळखू येत नाही का?"

पडद्यावर डाव्या खांद्याखाली तो चट्टा होता. लांबट, चिंचोक्याच्या रंगाचा.

देवश्रीने हात मागे नेला. ब्लाउजच्या गळ्यातून बोटं खाली सरकवली, जिथे तो चट्टा लहानपणापासून खरखरीत लागायचा तिथे. बोटांना काही लागलं नाही. कातडी गुळगुळीत होती. आणि ओली.

"आई..."

अंजनाबाईंनी मान वळवली. अंधारात त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, बाजारात कोणी अनोळखी बाईने पदर ओढल्यावर पाहावं तसं. मग मांडीवरचा तिचा हात हलकेच उचलून तिच्या खुर्चीच्या हातावर ठेवून दिला.

"हे तोंड पाह्यल्यासारखं वाटते," त्या म्हणाल्या. "पोस्टरवर असन. तुमी कोणाच्या हो, बाई?"

पडद्यावरची बाई वळत होती. आधी कान, मग गाल, मग ओल्या केसांखालचं कपाळ. देवश्रीने तो चेहरा रोज आरशात पाहिला होता. पडद्यावरून त्या बाईने खाली हॉलमध्ये पाहिलं आणि एकेक रांग शोधत गेली. गर्दीत आईचं बोट सुटलेलं पोर बघतं, तशी.

अंजनाबाई उठल्या. खांद्यावरची शाल काढून हातावर घेतली, आणि मधल्या वाटेने पडद्याकडे चालू लागल्या. त्यांची पावलं पाण्यात पडल्यासारखी वाजत होती.

"आली वो, माय," त्या म्हणत होत्या. "इतका वेळ ओलीच काहून बसली... सर्दी होईन ना."