एकोणिसावं कलम

त्या वर्षीही दोन किनाऱ्यांत एकही वाद झाला नाही, आणि केतकी गवाणकरला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

पाणी तापल्यापासून माशांचे थवे कधी कोकणाकडे, कधी पूर्व आफ्रिकेकडे सरकत. मधला समुद्र आता दोघांचा मिळून होता, एका कराराने बांधलेला. तो लिहिला होता केतकीच्या आईने, हेमांगीने. काळाबरोबर शब्दांचे अर्थ घसरतात, म्हणून करार लिहिणाऱ्याच्या त्या दिवसांतल्या आठवणी मेंदूतून उतरवून जतन करत. त्यांना म्हणत अर्थसाक्षी. वाद झाला की साक्षीला जागं करायचं आणि विचारायचं, इथे तुम्हाला काय म्हणायचं होतं?

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिची साक्षी रत्नागिरीत डॉ. दाऊद मुकादमांच्या प्रयोगशाळेत निजलेली होती.

"एकदाच जागं करा तिला, दाऊदकाका," केतकी म्हणाली. "पाच मिनिटं."

"आठवण वाचणं म्हणजे ती खरवडणं, पोरी. सात-आठ वेळा वाचली की कोरी पाटी. म्हणून तर वादाशिवाय परवानगी नाही. आणि तिच्यात तू नऊ वर्षांचीच आहेस. समोर उभी राहिलीस तरी ओळखायची नाही."

"आवाज तर तोच ना?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "भांडायला जागाच ठेवली नाही तुझ्या आईने. सहलीला निघालो तरी विचारायची, आणि तसं झालं नाही तर? भर मार्चात तीन छत्र्या घेऊन फिरलोय आम्ही."

केतकी हसली. कराराचं प्रत्येक कलम आईच्या त्याच प्रश्नाच्या उत्तराने संपत होतं.

उन्हाळ्यात करार आजच्या भाषेत नव्याने लिहायचं काम आईनंतर करार लिहिणाऱ्या केतकीकडे आलं; साक्षी मात्र आईचीच राहणार होती. एकोणिसावं कलम: थवे मधोमध थांबले, तर बोटींनी आळीपाळीने जावं. पुढे आईचं वाक्य: पाळी ठरली नाही, तर दोघांनीही बंदरात थांबावं. केतकीने ते आईच्या आवाजात वाचून पाहिलं. आवाज आठवेना.

तिने ते वाक्य गाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

तिसऱ्या मोसमात थवे मधोमध थांबले, पाळी ठरली नाही, आणि बोटी एकमेकींवर आदळल्या. अकरा माणसं परतली नाहीत. सहा इथली, पाच तिथली.

सुनावणीत साक्षीला जागं केलं. न्यायाधीशांनी कलम वाचून दाखवलं.

"याच्यापुढे माझं एक वाक्य होतं," आई म्हणाली. "ते कोणी काढलं?"

सगळे केतकीकडे वळले. तिने डोळे मिटले होते. आवाज तोच होता, शेवटाला किंचित घोगरा.

प्रश्न पुन्हा विचारला जावा म्हणून ती गप्प राहिली.