सायमाळचा तीन नंबर

बसा. कंदील जरा मोठा करतो. इथं कोंडाणे गावात वीज आली आहे, पण संध्याकाळी ती असतेच असं नाही. तुम्ही सायमाळच्या तळ्याकाठचा फ्लॅट बघायला निघालात, कुणी तरी माझं नाव सांगितलं आणि वाट वाकडी करून इतक्या वर आलात, म्हणून सांगतो. फ्लॅट घ्या की घेऊ नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी चार वर्षांपूर्वीपर्यंत तिथं मॅनेजर होतो, एवढं खरं आहे.

तळं जुनं. इंजिनांना पाणी लागायचं म्हणून रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. मग त्यांनीच काठावर क्लब काढला, शिडाच्या होड्या आणल्या, माळ सपाट करून गोल्फचं मैदान केलं. आमच्या गावची माणसं त्याला चेंडूचं रान म्हणायची. साहेब गेले, मुंबईचे मेंबर आले, मग तेही येईनासे झाले. त्र्याऐंशी साली एका सेठनं सगळं विकत घेतलं आणि पाण्याला लागून तीन मजली इमारती उठवल्या. प्रत्येक फ्लॅटला पाण्यावर गॅलरी. तळमजल्याच्या गॅलरीतून चार पायऱ्या थेट पाण्यात. शनिवारी मुंबईहून गाड्या यायच्या आणि मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन माणसांना फिरवायचो. इथं साहेबांचे घोडे बांधायचे, इथं लाटसाहेबांची बायको चहाला बसायची. निम्मं मीच जुळवलेलं असायचं.

तीन नंबरचा फ्लॅट जिथं आहे, तिथं गौराकाकीचं घर होतं.

गौराबाई माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. माझी आई मी पाच वर्षांचा असताना गेली. त्यानंतर मी काकीच्याच चुलीपुढं वाढलो. तिला मूल नव्हतं. तिचा नवरा चांगोकाका क्लबाच्या होड्या सांभाळायचा. कधी संध्याकाळी तो आम्हाला होडीतून फिरवायचा, दोघं दोन टोकांना आणि मी मधल्या फळीवर. बासष्ट सालच्या भादव्यात एका मेंबरची होडी वाऱ्यानं कलंडली. मेंबर पोहत काठाला आला. होडी आणायला काका गेला. होडी सापडली, काका नाही सापडला. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

काकीनं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, सगळं रीतीनं केलं. पण घराचं तळ्याकडचं दार तिनं पुन्हा कधी लावलं नाही. थंडी असो, पाऊस असो, दार सताड उघडं. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाण्यातनं वर आला तर त्याला दार दिसाया नको का?" येड्यासारखं नाही, साधं, भाकरी भाजता भाजता.

घराची ती जागा तिच्या नावावर होती. इमारतीची पहिली रांग तिच्याशी येऊन अडली. सेठनं मला बोलावलं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन खोपोलीच्या एका कारखान्याच्या गेटवर वही धरून बसायचो. सेठ म्हणाला, "तुझं ऐकेल ती."

तिनं ऐकलं. मी कागद वाचून दाखवला. कागदात जे लिहिलं होतं ते वाचलं नाही. मी वाचलं की घर आहे तसं राहील, काकी जिवंत असेपर्यंत कुणी हात लावणार नाही. तिनं अंगठा पुढं केला. शाई लावायला मीच तिचा हात धरला होता. तिच्या अंगठ्याला राख लागली होती, ती मी माझ्या रुमालानं पुसली.

मग दहिवलीला तिची भाची जनी बाळंत झाली होती, तिच्याकडं मी काकीला आठ दिवस पाठवलं. आठव्या दिवशी ती परत आली तेव्हा तिथं सपाट जमीन होती. मी समोर उभा होतो. वाटलं, शिव्या देईल, माती फेकेल. ती नुसती त्या जमिनीवर इकडून तिकडं चालली. मग मला म्हणाली, "हिरामणा, दार कुठल्या अंगाला व्हतं, तेवढं दाखव."

मला दाखवता आलं नाही. ज्या घरात वाढलो, त्याचं दार कुठं होतं ते मला सापडेना. ती परत दहिवलीला गेली आणि जनीच्या पडवीत राहिली. सेठनं मला मॅनेजर केलं आणि राहायला खोली दिली.

आता ती संध्याकाळ सांगतो.

चौऱ्याऐंशी सालचा मार्गशीर्ष. शनिवार. मुंबईचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको साडेपाचला फ्लॅट बघायला यायचे होते. तीन नंबर बरेच दिवस बंद होता, जरा हवा खेळती करावी म्हणून मी आधी गेलो. ऊन अजून होतं, तळ्यावर पिवळं पडलेलं. दार उघडलं आणि वास आला. नव्या रंगाचा नाही. तळं आटल्यावर चिखल उघडा पडतो, तसा. गार, जुना.

हॉलमध्ये गॅलरीच्या काचेशी एक माणूस उकिडवा बसला होता. पाठ माझ्याकडं. खाकी हाफपँट, अंगात बंडी. मला वाटलं, कामावरचा गडी आडोशाला बसला असेल.

"कोण रं? आत कसा आलास?"

त्यानं मान वळवली नाही. त्याच्या कोपरावरून पाणी पडत होतं. टप... टप... फरशीवर थारोळं झालं होतं आणि ते हळूहळू माझ्याकडं सरकत होतं.

"दार फिरवलंस व्हय?" तो म्हणाला. आवाज साधा होता, शेजारच्यानं विचारावं तसा. "आमचं उगवतीला व्हतं."

 मी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला.

"तू नामाचा ना? नामाचा हिरामण."

नामा म्हणजे माझे वडील.

"गौरा कुठं हाय रं?"

मला ठाऊक होतं. सहा मैलांवर होती. जनीच्या पडवीत, गोणपाटाच्या आडोशाला. एवढं बोलायला काय लागतं... पण ते सांगायचं तर ती तिथं का आहे हेही सांगावं लागलं असतं.

"नाय ठाऊक," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, आपण एखाद्याचं म्हणणं ऐकून घेतो तशी. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. मी फाटकाकडं बघितलं आणि परत वळलो, तेव्हा काचेशी कुणी नव्हतं. काच आतून बंद होती. फरशी ओली होती.

मी खिशातल्या रुमालानं फरशी पुसायला लागलो. भीती होतीच. पण खरं सांगू, डॉक्टरांनी ओली फरशी बघू नये, ही घाई जास्त होती.

दोघं आले. डॉक्टर नळ सोडून बघत होते. त्यांची बायको काच सरकवून गॅलरीत गेली. बराच वेळ ती आली नाही. आली तेव्हा पदर गुंडाळून घेतला होता.

"तुमचा तो बोटवाला," ती म्हणाली, "एवढ्या थंडीत कमरेइतक्या पाण्यात उभा आहे. मला विचारत होता, गौराला बघितलंत का. कोण हो ही गौरा?"

डॉक्टरही माझ्याकडं बघायला लागले.

"इथं पूर्वी कामाला होती एक बाई," मी म्हणालो.

"मग सांगा ना बिचाऱ्याला, कुठं गेली ती. किती अदबीनं विचारत होता."

त्यांनी फ्लॅट पसंत केला. मी रात्रभर खोलीत बसून राहिलो. काही आलं नाही, काही वाजलं नाही. पण मी त्या बाईला दिलेलं उत्तर मलाच पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दहिवलीला गेलो. काकी पडवीत वाल सोलत होती. मी उंबऱ्याशी बसलो आणि सांगितलं. सगळं. कागदात काय होतं तेही. कागदाचं ऐकून तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ते तिला आधीच कळलेलं असावं. काकाचं ऐकून मात्र हातातल्या शेंगा सुपात पडल्या.

"कसा दिसतो रं? थकलाय?"

"नाय, काकी. तेव्हाचाच हाय. तुझ्यापुढं... पोर दिसंल."

"मंग मला वळखल कसा," ती म्हणाली आणि डोक्यावरच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. मग विचारलं, "त्याला काय सांगितलंस?"

मी खाली बघितलं. "सांगितलं... नाय ठाऊक."

ती उठली. न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. ट्रंकेतलं बरं लुगडं काढून नेसली. बाहेर येऊन म्हणाली, "चल."

आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. मी विसरलोच होतो, त्या दिवशी सेठनं नव्यानं तयार केलेल्या गोल्फच्या मैदानाचा मुहूर्त ठेवला होता. फाटकात गाड्यांची रांग, हिरवळीवर पांढरी टेबलं, बॅण्ड. फाटकावर गजा होता, आमच्याच गावचा. त्यानं काकीला ओळखलं आणि माझ्याकडं बघितलं. मी हो म्हटलं असतं तर त्यानं सोडलं असतं. एवढ्यात सेठ दोन पाहुण्यांना घेऊन तिथंच आला.

"ही बाई कोण?"

मी तोंड उघडलं. आत 'माझी काकी' असे दोन शब्द होते. ते मी अजूनही रोज म्हणून बघतो.

"गावातली आहे, साहेब. काम मागायला आली आहे."

काकी माझ्या कोपराला लागून उभी होती. तिनं ऐकलं. सेठ हसून पाहुण्यांना घेऊन पुढं गेला आणि मला ये म्हणाला. मी काकीला हळूच म्हटलं, "जरा त्या जांभळीखाली थांब. गर्दी पांगली की नेतो."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मला तासभर लागला. पाहुण्यांना होड्या दाखवल्या, टेबलाशी उभं राहून लाटसाहेबांच्या बायकोची गोष्ट सांगितली, ते हसले. परत फाटकाशी आलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि जांभळीखाली कुणी नव्हतं.

"काकी?" मी गजाला विचारलं.

"तिला न्याया आला व्हता ना माणूस," गजा म्हणाला. "आतनंच आला. अंगातनं पाणी गळत व्हतं. मला वाटलं क्लबाचा नवा बोटवाला असंल. त्यानं हात पुढं केला, ती गेली. मी कसा अडवणार?"

"कुठं गेली?"

"खाली. पाण्याकडं." गजानं तिकडं हात केला. "जाताना ती तुमच्या टेबलाजवळ उभी राहिली व्हती जराशी. तुमी पाठमोरं व्हता. मला वाटलं, तुमाला सांगून चालली."

मला कुणी हाक मारली नव्हती. पण मधेच एकदा पाठीला गार लागलं होतं. मी मफलर वर ओढून घेतला होता आणि पाहुण्यांशी बोलत राहिलो होतो.

तीन दिवस तळं धुंडाळलं. गळ टाकले, जाळी ओढली. पोलिसांनी लिहून घेतलं की वृद्ध बाई न सांगता कुठं तरी निघून गेली. जमादारानं विचारलं, तुमची कोण. तेव्हा मी म्हणालो, काकी. त्यानं लिहिलं, दूरची नातलग. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही.

महिन्याभरात नोकरी सोडली आणि इथं वर आलो. इथं विहीरसुद्धा हाकेच्या अंतरावर नाही, मुद्दाम तशी जागा घेतली. डॉक्टर तीन नंबरमध्ये अजून येतात म्हणे, आणि त्यांना तिथं फार शांत वाटतं. तुम्हालाही वाटेल. भ्यायचं कारण तुम्हाला नाहीच. तिथं कुणी कुणाचं वाईट करत नाही.

पण त्या रात्रीनंतरच्या सकाळचं सांगायचं राहिलं.

मी उजाडताच धक्क्यावर गेलो. क्लबाची एक होडी जागेवर नव्हती. धुकं पाण्याला चिकटलं होतं. त्यातून लडकू, आमचा मासे मारणारा, आपल्या डोणीमागं ती होडी बांधून ओढत घेऊन आला. म्हणाला, तळ्याच्या मधोमध उभी होती. जराही हलत नव्हती, नांगर टाकल्यासारखी.

आम्ही दोघांनी ती काठाला घेतली. वल्ही आत नीट आडवी ठेवलेली. पुढची फळी ओलीचिंब. मागची फळीही ओली, तिथं बसणाऱ्याच्या अंगाखालून पाणी ओघळून तळाशी साचलं होतं. मधली फळी मात्र ठणठणीत कोरडी होती. इतकं दव पडलं होतं, तरी तिच्यावर थेंब नव्हता. तिच्यावर काकीनं नेसलेल्या त्या लुगड्याचा एक तुकडा चौघडी करून अंथरला होता, लहान मुलाला टोचू नये म्हणून अंथरतात तसा.

लडकू म्हणाला, "दोघं दोन टोकाला बसली. मधी कोन बसायचं व्हतं रं?"

मी वाकून त्या घडीला हात लावला.

मार्गशीर्षातल्या त्या पहाटे ती कोमट होती.