रिगमोरआजीचं कडं

एस्बेन डोक्याकडून कचऱ्याच्या कंटेनरमध्ये शिरला होता आणि बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. दहा वर्षांच्या भावाला ओढून काढायला बारा वर्षांची बहीण पुरते, पण ग्री हसत होती, म्हणून वेळ लागला. तो वर आला तेव्हा त्याच्या गळ्यात आजीचं कडं होतं.

दारावर टांगायचं गोल कडं. आत गवत, वर शेवाळ, हेदर नावाच्या माळझुडपाचे जांभळे तुरे आणि रानगुलाबाची लाल फळं. रिगमोरआजीसारखं कडं आमच्या अख्ख्या पश्चिम जटलंड प्रांतात कुणाचं नसे. आमच्याकडचा वारा असा, की इथं कुत्रं भुंकलं तर आवाज पुढच्या गावात जाऊन पडतो आणि तिथले लोक आपल्या कुत्र्याला दटावतात. त्या वाऱ्यात एकदा चर्चवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा उडून गेला, पण आजीच्या कड्यातलं एक फळ हललं नाही. दर शरदात टोरवाल्डआजोबा ते खिळ्याला टांगत आणि आजी रस्त्यात उभी राहून ओरडे, "वाकडं आहे." गल्लीभर ऐकू जाई. कडं कधीच वाकडं नसे.

मार्चमध्ये आजी गेली. कडं दारावरच सुकत राहिलं. आता शरदाच्या सुट्टीत मुलं आजोबांकडे आली, तर व्हेर्नरमामानं घर आवरायला काढलं होतं आणि ते कडंही कंटेनरमध्ये टाकलं होतं.

मामा वाईट नव्हता, दमलेला होता. त्यानं मुलांना समजावलं, की आजोबांचं डोकं आता ठिकाणावर नाही. सात महिन्यांत 'हं'पलीकडे शब्द नाही. रोज दुपारी कुठंतरी जातात, ओले पाय आणि ओरबाडलेले हात घेऊन परत येतात. कुंपणावरची फळं तोडली म्हणून शेजाऱ्याचा फोनसुद्धा आला होता. गुरुवारी पालिकेच्या बाई येऊन बघणार होत्या. त्यांनी मान डोलावली, की आजोबा वृद्धाश्रमात आणि घर विकायला.

तो फोन कुणी केला ते विचारू नका. कुंपण माझं होतं.

"निदान यंदा तरी दार मोकळं नको," ग्री म्हणाली. "आपण आजीसारखं कडं करू."

करायचं कसं ते कळावं म्हणून तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं कडं उसवायला घेतलं आणि तिचा हात थांबला. लोक कड्याभोवती बारीक तार गुंडाळतात. यात तार नव्हतीच. डांबर लावलेली सुतळी होती, दर दोन बोटांवर टाका, एकही पुढं-मागं नाही.

"आजीनं शिवलंय हे?" एस्बेन म्हणाला. "तिनं माझ्या शर्टाचं बटण लावलं तेव्हा बाहीच शिवून टाकली होती."

बुधवारी दोघं गुपचूप आजोबांच्या मागं गेली. माळावर आजोबा वाकून उरलेसुरले तुरे खुडत होते, एकेक निवडून टोपीत ठेवत होते. डोकं गेलेला माणूस असा निवडत बसत नाही, ग्रीला वाटलं. परतल्यावर ते घरात शिरले नाहीत. मागच्या छपरीपाशी गेले. आत धारदार हत्यारं आहेत म्हणून मामानं तिला कुलूप घातलं होतं. आजोबांनी कुलपाला हात लावून बघितला, मग टोपी दारासमोर रिकामी केली. तिथं शेवाळाचे, फळांचे, तुऱ्यांचे चार ढीग आधीच होते. सगळ्यात जुना काळा पडला होता.

आजोबा पायरीवर टेकले. एस्बेन मागच्या खिडकीतून आत गेला, सवयीनं डोक्याकडूनच. गावातली निम्मी गवती छपरं आजोबांनी शाकारलेली, आणि त्यांची सगळी हत्यारं तिथं गंजत पडली होती. गंज नव्हता तो एका वाकड्या दाभणाला. तेल लावून फडक्यात गुंडाळलेला, भोकात डांबरी सुतळी. शेजारी वळून ठेवलेलं गवताचं रिकामं कडं.

ग्री दाभण घेऊन आजोबांशेजारी बसली. "कडी तुम्हीच करत होता ना?"

आजोबांनी दाभण हातात घेऊन त्याच्या टोकाला अंगठा लावून बघितला. मग हळूहळू बोलले. व्हेर्नर पोटात होता त्या शरदात आजीला उठवत नव्हतं, म्हणून त्यांनी छपरीत बसून कडं शिवलं. लोकांनी आजीचं इतकं कौतुक केलं, की तिला खरं सांगायची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी आणखीच. अशी सत्तेचाळीस वर्षं गेली.

"मी तिला शब्द दिलाय," आजोबा म्हणाले. "व्हेर्नरलाही कळता कामा नये. आता तर ती तिची बाजू सांगायलाही नाही."

आता सांगावं तर आजोबांचा शब्द मोडतो, आणि न सांगावं तर आजोबाच जातात. ग्रीनं रात्रीच्या जेवणाची ताटं धुतली. मग तिनं भावाला विचारलं, "तुला वाकडंतिकडं शिवता येईल?"

"दुसरं काही येतच नाही."

गुरुवारी बाई आल्या. मामानं कॉफी ओतली, केक कापला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलं गवताचं कडं घेऊन बसली आणि त्यांनी त्याची जी दुर्दशा मांडली, ती बघून समोरचं घड्याळ दोन मिनिटं चालायचं थांबलं. शेवाळ बाईंच्या बशीत पडलं. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. एस्बेननं पहिला टाका घातला, आजोबांच्या कपाळावर आठी आली. दुसरा घातला, त्यांची बोटं गुडघ्यावर हलली. तिसऱ्याला त्यांनी हात पुढं केला.

"असं छप्पर शाकारशील तर गाय भिजून मरेल. आण इकडे."

मामाचा कप हातातच राहिला.

पुढचा तासभर आजोबा शिवत होते. दाभण आत जात होता, बाहेर येत होता, दर दोन बोटांवर टाका. बाईंनी विचारलं तसं आजोबांनी सांगितलंही, की तुरे माळावरचे, फळं शेजाऱ्याची, त्याला विचारून घ्यायला हवी होती. चूल पेटवता येते, बटाटे उकडता येतात. रडायचं असलं की बाहेर जातो.

"बाबा, हे तुम्ही शिकलात कुठं?" मामानं विचारलं.

ग्रीनं शेवाळ गोळा करायचं सोडून आजोबांकडे बघितलं.

"तुझ्या आईचं बघून."

मामानं तोंड फिरवलं. बाईंनी लिहिलं, की यांना कुठं हलवायची गरज नाही, आठवड्यातून दोनदा कुणीतरी डोकावत जावं. मामानं स्वतः जाऊन छपरीचं कुलूप काढलं. परत आल्यावर दोन्ही मुलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तुम्ही कडं करायचं सुचवलंत म्हणून हे दिसलं, मी तर बाबांकडे बघतच नव्हतो. मग कितीतरी वेळ आईच्या हातांबद्दल बोलत राहिला, काय ते हात, काय तो टाका. एस्बेनला गप्प बसणं फार जड गेलं. त्यानं तोंडात केक कोंबून घेतला.

हे मी आज सांगतोय, कारण रागवायला आजी-आजोबांपैकी कुणी उरलेलं नाही आणि ग्रीची परवानगी आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत आजोबांनी कडं दारावर टांगलं. खूप सुंदर झालंय, बाई म्हणाल्या. मामाही म्हणाला. मीही कुंपणापलीकडून टोपी काढली. पण आजोबा दाराकडे तोंड करून, कड्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. कशासाठी, ते कुणाला कळेना.

एस्बेन मुकाट्यानं रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"आजोबा," तो ओरडला, "वाकडं आहे."

आजोबांनी कडं बोटभर डावीकडे सरकवलं. थोडं थांबले. मग दर वर्षीसारखं परत होतं तिथंच आणून ठेवलं.